मिश्र युद्धकला, व्यावसायिक

मुष्टियुद्ध, कुस्ती, जूदो, जूजुत्सू, थाई मुष्टियुद्ध इ. द्वंद्वप्रकारांतील आघात, पकडी व डाव एकाच लढतीत वापरण्याची मुभा असलेला आधुनिक क्रीडाप्रकार. ‘मिक्स्ड मार्शल आर्ट्स’ किंवा संक्षेपाने ‘एमएमए’ या नावाने तो जगभर परिचित आहे. प्रतिस्पर्ध्यास ठोसे, लाथा, गुडघे वा कोपर यांच्या आघातांनी बाद करणे. त्यास जमिनीवर पाडून सांधा पिरगाळून वा गळा आवळून शरण आणणे. अथवा ठरावीक फेऱ्या पूर्ण झाल्यावर परीक्षकांच्या गुणांनी सरस ठरणे, अशा तीन मार्गांनी लढत जिंकता येते. या प्रकारात हौशी स्पर्धाही होतात. तथापि त्याची घडण मुख्यतः मानधनावर लढणाऱ्या व्यावसायिक लढवय्यांभोवती झाली. हा लढवय्या आयोजक संस्थेचा पगारी नोकर नसतो आणि एखाद्या संघाचा सभासदही नसतो. कायद्याच्या दृष्टीने तो प्रत्येक लढतीगणिक मोबदला घेणारा स्वतंत्र कंत्राटदार ठरतो. रिंगणात काय करावे व काय करू नये याविषयीचे नियम १९९३ नंतरच्या सात-आठ वर्षांतच बव्हंशी निश्चित झाले. रिंगणाबाहेर त्याचा मोबदला, कराराची मुदत, दुखापत व निवृत्ती यांची जबाबदारी कोणी घ्यावी, हा प्रश्न मात्र त्यानंतर दोन तपांहून अधिक काळ वादात राहिला.

प्राचीन ग्रीसमधील ‘पँक्रेशन’ या द्वंद्वप्रकाराशी मिश्र युद्धकलेचे नाते पुष्कळदा जोडले जाते. कुस्ती व मुष्टियुद्ध यांचा संकर असलेला हा प्रकार इ. स. पू. ६४८ मध्ये ऑलिंपिक सामन्यांत समाविष्ट झाला. चावणे व डोळ्यांत बोटे घालणे यांखेरीज त्यात फारसे काही निषिद्ध नव्हते. फिगेलियाचा ॲरिकिऑन हा मल्ल इ. स. पू. ५६४ मध्ये गळा आवळला गेल्याने गतप्राण झाला. पण त्याच क्षणी त्याने पिरगाळलेल्या पायाच्या वेदनेने प्रतिस्पर्ध्याने शरणागती दर्शविल्यामुळे विजयाचा मान त्याच्या मृतदेहास मिळाला, असे सांगितले जाते. साम्य उघड असले, तरी पँक्रेशनपासून आजच्या खेळापर्यंत येणारी अखंड परंपरा दाखविता येत नाही. आधुनिक खेळाची मुळे विसाव्या शतकातील ब्राझील व जपान या देशांत शोधावी लागतात.

मित्सुयो माएदा हा जपानी जूदोपटू १९१४ मध्ये ब्राझीलमध्ये गेला. बेलेम या शहरात त्याच्याकडून कार्लूस ग्रेसी या तरुणाने जे शिक्षण घेतले, त्यातून ग्रेसी घराण्याची जूजुत्सूची शाखा वाढली. जमिनीवरील पकडींवर भर देणारी ही पद्धती हलक्या वजनाच्या माणसालाही बलाढ्य प्रतिस्पर्ध्याशी झुंजता येते, असा दावा करी. आणि तो सिद्ध करण्यासाठी ग्रेसी बंधू इतर पद्धतींच्या लढवय्यांना जाहीर आव्हाने देत. अशा जवळजवळ निर्बंधरहित लढतींना तेथे ‘व्हाले तूदो’ (अर्थ ‘सर्व काही चालते’) म्हणत. १९५१ मध्ये रीओ दे जानेरोच्या माराकाना क्रीडागारात एल्यू ग्रेसी याचा जपानच्या मासाहिको किमुरा याने पराभव केला. हात मोडला, तरी ग्रेसीने शरणागती दर्शविली नाही. किमुराने वापरलेल्या डावाला पुढे त्याचेच नाव मिळाले व आजही लढवय्ये तो ‘किमुरा’ म्हणूनच शिकतात.

जपानमध्ये कुस्तीचे धंदेवाईक प्रदर्शन करणाऱ्या मल्लांनी वेगळ्या वाटेने याच दिशेने वाटचाल केली. २६ जून १९७६ रोजी टोकिओ येथे अँटोनिओ इनोकी व मुष्टियुद्धातील जगज्जेता मुहम्मद अली यांची पंधरा फेऱ्यांची लढत झाली. इनोकी बहुतेक वेळ पाठीवर पडून अलीच्या पायांवर लाथा मारीत राहिला. लढत बरोबरीत सुटली, प्रेक्षकांची निराशा झाली आणि अलीला पायांच्या दुखापतीसाठी रुग्णालयात जावे लागले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये इनोकीने कराची येथे अक्रम पहिलवान यांचा हात निकामी करून लढत जिंकली. अक्रम हे विख्यात गामा पहिलवानांचे पुतणे होत. मातीच्या आखाड्यात पाठ टेकवणे म्हणजे विजय, या भारतीय उपखंडातील समजुतीला सांधेमोडीच्या डावांपुढे काय किंमत उरते, याचे ते एक कठोर दर्शन होते [⟶ कुस्ती]. पुढे जपानमध्ये ‘शूटो’ व १९९३ मध्ये ‘पँक्रेस’ या संस्थांनी व्यावसायिक लढतींना नियमित स्वरूप दिले.

याच वर्षी, १२ नोव्हेंबर १९९३ रोजी, अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत डेन्व्हर येथे ‘अल्टिमेट फायटिंग चँपियनशिप’ (यूएफसी) या नावाची पहिली स्पर्धा झाली. कोणती युद्धपद्धती श्रेष्ठ, या जुन्या वादाचा निकाल लावणे हा तिचा जाहीर हेतू. पैसे मोजून दूरचित्रवाणीवर ती पाहणारा प्रेक्षक मिळवणे हा व्यापारी हेतू. आठ स्पर्धक, वजनगट नाहीत, परीक्षक नाहीत आणि विजेत्यास ५०,००० डॉलर. पहिल्याच लढतीत हॉलंडच्या गेरार्ड गोर्डो याने सूमो मल्ल टेला टूली याला २६ सेकंदांत लाथेने बाद केले. टूलीचा दात उडाला व त्याचे तुकडे गोर्डोच्या पायात रुतले. आर्ट जिमरसन हा मुष्टियोद्धा एकाच हातात मोजा घालून उतरला आणि फारसा ठोसा न मारताच शरण गेला. सुमारे ८० किग्रॅ. वजनाच्या रॉइस ग्रेसीने तिन्ही प्रतिस्पर्ध्यांना मिळून सुमारे पाच मिनिटांत शरण आणून स्पर्धा जिंकली. या स्पर्धेचा खरा परिणाम पुढील काही वर्षांत दिसला : एकाच कलेत पारंगत असलेल्या माणसाचे येथे भागत नाही, हे सर्वांनी ओळखले. मुष्टियोद्धे कुस्ती शिकू लागले, मल्ल ठोसे मारण्यास शिकले आणि ‘पद्धतींची स्पर्धा’ मागे पडून सर्व पद्धतींचा मेळ घालणारा एक नवाच व्यवसायी निर्माण झाला.

विरोधही तितक्याच वेगाने वाढला. ॲरिझोना राज्याचे सेनेटर जॉन मकेन यांनी १९९६ मध्ये या खेळास मानवी कोंबड्यांची झुंज ठरवून राज्यांच्या गव्हर्नरांकडे बंदीची मागणी केली. अनेक राज्यांनी बंदी घातली. न्यूयॉर्कने १९९७ मध्ये घातलेली बंदी २०१६ मध्ये उठली. केबल कंपन्यांनी प्रक्षेपण थांबविल्याने आयोजकांचे उत्पन्न आटले. नियमांचा स्वीकार हा अशा रीतीने अस्तित्वाचा प्रश्न झाला. १९९७ मध्ये वजनगट व बोटे मोकळी ठेवणारे हातमोजे आणि १९९९ मध्ये पाच मिनिटांच्या फेऱ्या आल्या. न्यू जर्सी राज्याच्या क्रीडा नियंत्रण मंडळाने २००० मध्ये लागू केलेली व २००१ मध्ये इतर संबंधितांच्या सहमतीने पक्की झालेली एकीकृत नियमावली पुढे बहुतेक राज्यांनी स्वीकारली. तीनुसार सामान्य लढत तीन फेऱ्यांची व विजेतेपदाची पाच फेऱ्यांची असते. तीन परीक्षक प्रत्येक फेरीस दहाच्या प्रमाणावर गुण देतात. डोके आदळणे, डोळ्यांत बोट घालणे, मानेच्या मागील भागावर वा कण्यावर आघात करणे आणि जमिनीवर असलेल्याच्या डोक्यावर लाथ मारणे निषिद्ध आहे. कोपर सरळ वरून खाली मारण्यावरील बंदी मात्र २०२४ मध्ये उठविण्यात आली. लढवय्याला राज्याचा परवाना लागतो; त्यासाठी रक्त, डोळे व मेंदू यांच्या तपासण्या होतात, आणि बाद झालेल्या वा जखमी लढवय्यास आयोगाचा वैद्य ३० पासून १८० दिवसांपर्यंत लढण्यास मनाई करू शकतो. शरीराच्या रक्षणासाठी ही मनाई योग्यच होय. परंतु त्या काळात लढवय्यास उत्पन्नही नसते, ही गोष्ट नियमावलीच्या कक्षेबाहेर राहिली.

तयारी व वजन : एका लढतीसाठी साधारणतः आठ ते बारा आठवड्यांची तयारी करावी लागते. मुष्टियुद्ध, कुस्ती, जूजुत्सू व शरीरबल यांचे प्रशिक्षक बहुधा वेगवेगळे असतात. त्यांशिवाय सरावासाठी जोडीदार, आहारतज्ञ व व्यवस्थापक. पूर्वी कोल्हापूर-सांगलीकडील तालमीत वस्ताद, खुराक व जोड यांची सोय संस्थानिक वा दानशूर आश्रयदाते करीत. येथे हा सारा खर्च लढवय्याच्या मानधनातून भागतो. या तयारीतील सर्वांत कष्टप्रद भाग म्हणजे वजन उतरविणे. वजन लढतीच्या आदल्या दिवशी घेतले जाते. त्यामुळे आपल्यापेक्षा लहान प्रतिस्पर्धी मिळावा म्हणून लढवय्ये काही दिवसांत अनेक किलोग्रॅम वजन केवळ शरीरातील पाणी घटवून कमी करतात : मीठ व पिष्टमय पदार्थ वर्ज्य, गरम पाण्याचे स्नान, बाष्पगृह, शेवटी पाणीही बंद. वजनकाटा उतरल्यावर दिवसभरात ते पुन्हा भरून काढायचे. दोन्ही प्रतिस्पर्धी हेच करीत असल्याने कोणालाच मोठासा लाभ होत नाही. तरीही एकट्याने हे सोडणे कोणासही परवडत नाही. वजन न उतरल्यास मानधनातील पाचवा वा त्याहून मोठा हिस्सा प्रतिस्पर्ध्यास द्यावा लागतो. या प्रथेपायी २०१३ मध्ये ब्राझीलमध्ये व २०१५ मध्ये फिलिपीन्समध्ये एकेक लढवय्या दगावला. दुसऱ्या घटनेनंतर सिंगापूरच्या ‘वन चँपियनशिप’ या संस्थेने मूत्रपरीक्षेद्वारे शरीरातील पाण्याचे प्रमाण तपासण्याचा नियम केला. कॅलिफोर्निया राज्यानेही २०१७ मध्ये निर्बंध कडक केले.

मोबदला व करार : लास व्हेगासमधील फर्टिटा बंधूंनी २००१ मध्ये यूएफसी २० लाख डॉलरना विकत घेतली. २००५ मधील एका दूरचित्रवाणी मालिकेने तिला लोकप्रियता मिळवून दिली. जपानमधील ‘प्राइड’ (२००७) व अमेरिकेतील ‘स्ट्राइकफोर्स’ (२०११) या प्रतिस्पर्धी संस्था तिने खरेदी केल्या आणि २०१६ मध्ये तिची विक्री सुमारे ४ अब्ज डॉलरना झाली. पंधरा वर्षांत झालेली ही वाढ थक्क करणारी आहे. ती ज्यांच्या शरीरावर उभी राहिली, त्यांच्या वाट्याला काय आले, हे पाहिले असता चित्र वेगळे दिसते.

नवोदिताचा करार सामान्यतः दोन भागांत असतो : लढतीस उतरल्याचे मानधन व जिंकल्यास तेवढीच जादा रक्कम. अलीकडील काळात यूएफसीमध्ये नवोदितास बारा हजार अधिक बारा हजार डॉलर असा दर रूढ होता. वर्षातून तीन लढती झाल्या व त्यांपैकी एकच जिंकली, तर ४८,००० डॉलर होतात. प्रशिक्षक व व्यवस्थापक यांचा सुमारे पाचवा हिस्सा वजा जाता ३८,४०० उरतात आणि त्यांतून सरावाचा खर्च व कर भागवायचे असतात. परीक्षकांचा दोन विरुद्ध एक असा निर्णय प्रतिकूल गेल्यास त्या रात्रीचे उत्पन्न निम्म्यावर येते. याउलट, सर्वांत आकर्षक कामगिरीबद्दल २०१४ पासून बरीच वर्षे ५०,००० डॉलरचे पारितोषिक दिले जाई. उतरण्याच्या मानधनाच्या चौपटीहून मोठी असलेली ही रक्कम सावध लढवय्यासही जोखीम घेण्यास प्रवृत्त करते, हे आयोजकांच्या ध्यानात आले नसेल, असे म्हणवत नाही. २०१५ मध्ये यूएफसीने रीबॉक कंपनीशी गणवेशाचा करार केला. तेव्हा लढवय्यांना स्वतःच्या पुरस्कर्त्यांची नावे पोशाखावर मिरविण्याची मनाई झाली आणि त्याऐवजी अनुभवानुसार अडीच हजार ते चाळीस हजार डॉलर मिळू लागले. अनेकांच्या दृष्टीने ती भरपाई अपुरी होती.

शिखरावरील मोजके लढवय्ये याला अपवाद होत. आयर्लंडचा कॉनर मॅक्ग्रेगर हा डब्लिनमधील नळकामाचा उमेदवार. २०१३ मध्ये यूएफसीत आला आणि तीनच वर्षांनी एका लढतीसाठी त्याचे जाहीर मानधन ३० लाख डॉलर होते. व्यवसायाचे अंतरंग मात्र फ्रान्सिस एन्गानू याच्या चरित्रातून अधिक स्पष्ट होते. कॅमेरूनमधील वाळूच्या खाणीत लहानपणी राबलेला हा माणूस २०१३ मध्ये पॅरिसला पोहोचला, तेव्हा त्याला निवाराही नव्हता. मार्च २०२१ मध्ये तो यूएफसीचा सर्वोच्च वजनगटातील विजेता झाला. जानेवारी २०२२ मध्ये जायबंदी गुडघ्यानिशी त्याने हे पद राखले. त्या लढतीचे जाहीर मानधन ६ लाख डॉलर होते. विजेत्याचा करार आपोआप वाढविणारे कलम यूएफसीच्या करारात असे. त्याला पुढे मुदतीची मर्यादा आल्यामुळेच तो मोकळा होऊ शकला. आरोग्यविमा, स्वतःचे पुरस्कर्ते निवडण्याचे स्वातंत्र्य व बैठकींत लढवय्यांचा प्रतिनिधी, अशा त्याच्या मागण्या होत्या. त्या मान्य न झाल्याने जानेवारी २०२३ मध्ये तो विजेतेपदासह बाहेर पडला, आणि ऑक्टोबरमध्ये रियाध येथे मुष्टियुद्धातील जगज्जेता टायसन फ्यूरी याच्याशी लढून, अल्प फरकाने हरूनही, पूर्वीच्या कितीतरी पट अधिक कमावता झाला.

मुष्टियोद्ध्यांना आयोजकांच्या जाचक करारांपासून संरक्षण देणारा, मुहम्मद अलीच्या नावाने ओळखला जाणारा कायदा अमेरिकेत २००० मध्ये झाला. तो मिश्र युद्धकलेस लागू नव्हता, व तो लागू करण्याविषयी २०१६ मध्ये मांडलेले विधेयक संमत झाले नाही. लढवय्यांची प्रभावी संघटनाही उभी राहिली नाही. खेळ व्यक्तिगत, प्रत्येकाचा करार निराळा आणि आजचा सहकारी उद्याचा प्रतिस्पर्धी. या परिस्थितीत संघटना कठीणच. जॉन फिच या आघाडीच्या लढवय्याने व्हिडिओ खेळात आपली प्रतिमा कायमची वापरू देण्याच्या करारावर सही करण्यास २००८ मध्ये नकार दिला, तेव्हा त्याला काढून टाकण्यात आले. लवकरच तडजोड होऊन तो परत आला. डिसेंबर २०१४ मध्ये याच फिचसह कंग ले, नेट क्वारी इत्यादींनी यूएफसीविरुद्ध मक्तेदारीविरोधी दावा दाखल केला. दीर्घकालीन करार व प्रतिस्पर्धी संस्थांची खरेदी यांच्या जोरावर लढवय्यांच्या श्रमाची बाजारपेठ एकाच ग्राहकाच्या हाती आली, असे त्यांचे म्हणणे होते. अमेरिकेतील प्रमुख सांघिक खेळांत खेळाडूंना उत्पन्नाचा जवळजवळ निम्मा भाग मिळतो. येथे तो पाचव्या हिश्श्याच्या आसपास होता. ३३·५ कोटी डॉलरची तडजोड न्यायाधीशांनी जुलै २०२४ मध्ये अपुरी म्हणून नाकारली. ३७·५ कोटी डॉलरच्या सुधारित तडजोडीस फेब्रुवारी २०२५ मध्ये अंतिम मान्यता मिळाली. ऑगस्ट २०२५ मध्ये यूएफसीने पॅरामाउंट कंपनीशी केलेला प्रक्षेपणाचा सात वर्षांचा करार ७·७ अब्ज डॉलरचा आहे.

इजा व निवृत्ती : या खेळात रक्तपात अधिक दिसतो, परंतु कपाळावरील जखमा बऱ्या होतात. डोक्यावर वारंवार बसणारे आघात हा खरा धोका होय. टोराँटो विद्यापीठातील संशोधकांनी २००६ ते २०१२ या काळातील लढतींच्या पाहणीत सुमारे एकतृतीयांश लढती डोक्यावरील आघातांमुळे संपल्याचे २०१४ मध्ये नमूद केले. क्लीव्हलँड क्लिनिक या संस्थेने २०११ पासून लास व्हेगास येथे व्यावसायिक लढवय्यांच्या मेंदूचा दीर्घकालीन अभ्यास चालविला असून, लढतींची संख्या वाढते तसे मेंदूच्या काही भागांचे आकारमान घटलेले आढळते. यांशिवाय सरावात बसणाऱ्या ठोशांची कोठेच नोंद होत नाही. यूएफसी, प्राइड व लाथ-मुष्टियुद्ध या तिन्ही क्षेत्रांत लढलेला कॅनडाचा गॅरी गुडरिज २०१० मध्ये निवृत्त झाला. त्यानंतर दोनच वर्षांत आघातजन्य मेंदूविकाराचे निदान झाल्याचे त्याने स्वतः जाहीर केले व स्मृतिभ्रंशाविषयी तो उघडपणे बोलत राहिला. कॅलिफोर्नियात मुष्टियोद्ध्यांसाठी निवृत्तिनिधी १९८२ पासून आहे. मिश्र युद्धकलेतील लढवय्यांसाठी तसा निधी तेथे २०२३ मधील कायद्याने निर्माण झाला. अन्यत्र अशी तरतूद सहसा आढळत नाही.

स्त्रियांना या व्यवसायात उशिरा स्थान मिळाले. ऑगस्ट २००९ मध्ये जीना करानो व क्रिस्तियानी ‘सायबोर्ग’ यांची लढत मुख्य आकर्षण म्हणून झाली. यूएफसीमध्ये स्त्रियांची पहिली लढत २३ फेब्रुवारी २०१३ रोजी झाली व ती ऑलिंपिक जूदोपदक मिळविलेल्या राँडा राउझी हिने जिंकली. नियम, फेऱ्या व करारांचे स्वरूप पुरुषांप्रमाणेच आहे.

भारतात ‘सुपर फाइट लीग’ या संस्थेने मार्च २०१२ मध्ये मुंबई येथे पहिल्या लढती भरविल्या. ‘मॅट्रिक्स फाइट नाइट’ २०१९ मध्ये मुंबईतच सुरू झाली. महाराष्ट्राचे भरत खंडारे हे भारतातून यूएफसीशी करारबद्ध झालेले पहिले लढवय्ये होत. नोव्हेंबर २०१७ मध्ये शांघाय येथील लढतीत ते पराभूत झाले. कुस्तीच्या आखाड्यातून आलेल्या ऋतू फोगट यांनी २०१९ मध्ये ‘वन चँपियनशिप’मध्ये पदार्पण केले. उत्तराखंडचे अंशुल जुबली यांनी आशियाई निवड स्पर्धा जिंकून २०२३ मध्ये, तर उत्तर प्रदेशच्या पूजा तोमर यांनी जून २०२४ मध्ये यूएफसीत विजय मिळविला; तेथे जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला होत. जत्रेतील कुस्तीचे इनाम गावचे पंच आधी पुकारतात व आखाड्यातच चुकते करतात, या रिवाजात वाढलेल्या मल्लास अनेक लढतींचे व मुदतीचे इंग्रजी करारपत्र ही वस्तूच नवी आहे. अमेरिकेतील राज्य आयोगांसारखी वैधानिक परवाना यंत्रणा भारतात नसल्याने वैद्यकीय तपासणी, बाद झाल्यानंतरची सक्तीची विश्रांती व मानधनाची हमी या बाबी येथे आयोजक संस्थेच्या इच्छेवर अवलंबून असतात.